अकरा रिकाम्या ओळी

ईरा आणि निहार, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला विचारलंत, "आजी, तू ऑफिसमध्ये एक्झॅक्टली काय करायचीस?" मी म्हटलं, "वस्तूंना त्यांचं गाव विचारायचे." त्यावर निहार म्हणाला, "दॅट्स नॉट अ जॉब." मी हसून विषय बदलला, पण उत्तर द्यायचं राहून गेलं हे मनात खुपत राहिलं. आमच्या सिंगापूरच्या मंडळाच्या दिवाळी अंकाने यंदा नोकरीतले अनुभव मागवले, तेव्हा ठरवलं की ते उत्तर इथेच लिहून टाकावं. अंक मॉन्ट्रियलला पोचला की तुमची आई वाचून दाखवेल. माझं शिक्षण सगळं इंग्रजीतून, कॉन्व्हेंटमध्ये. मराठी घरात शिकले. त्यामुळे कुठे वाक्य अवघडलं तर मंडळाच्या वाचकांनी सांभाळून घ्यावं.

मी अलेक्झांड्रा रोडवरच्या एका ट्रेडिंग कंपनीत होते. रोज बुकित बातोकहून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, क्वीन्सटाउनला यायचे आणि पुढे दहा मिनिटं चालायचे. टेबलावर तीन ट्रे असत: आलेले कागद, अडलेले कागद, निघालेले कागद. घरीसुद्धा डाळीच्या डब्यांवर माझी लेबलं असतात. तुमचे आजोबा म्हणतात, "हिला सोडलं तर ही कावळ्यांनाही नंबर देईल." ह्या नीटनेटकेपणाने मला तीस वर्षं पोटाला दिलं, आणि त्यानेच एकदा मला तोंडघशी पाडलं. त्या एकदाची ही हकिगत आहे.

आधी धंदा समजून घ्या. समजा, आपल्या ब्लॉकमधल्या पन्नास घरांनी ठरवलं की एकमेकांकडून आलेल्या फराळाच्या डब्याला दारात अडवायचं नाही. बाहेरून आलेल्या डब्याला मात्र दारात जकात भरावी लागेल. मुक्त व्यापार क्षेत्र म्हणजे एवढंच. आता चौथ्या मजल्यावरच्या कुणी सेरंगून रोडवरच्या दुकानातून लाडू आणले, घरच्या डब्यात भरले आणि "आमचेच आहेत" म्हणून खाली पाठवले, तर? म्हणून प्रत्येक डब्याबरोबर एक चिठ्ठी लागते की हे लाडू ह्याच ब्लॉकमध्ये वळलेले आहेत. मग बेसन बाहेरचं चालेल का, तूप बाहेरचं चालेल का, बाहेरच्या लाडवावर नुसता बेदाणा चिकटवला तर तो घरचा धरायचा का, ह्या सगळ्याचे नियम येतात. त्या चिठ्ठीला सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन म्हणतात. ती चिठ्ठी मागवणं, तपासणं आणि खोटी वाटली तर परत पाठवणं, ही माझी नोकरी.

आमच्या आग्नेय आशियात असा करार फार जुना आहे. माझी हयात त्यातच गेली. पण निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली असताना आफ्रिकेने अख्ख्या खंडासाठी तसाच करार अमलात आणायला घेतला. पन्नासहून जास्त देश! त्यांचं दुखणं समजण्यासारखं होतं. कोको तिथला, पण चॉकलेट बाहेरून येणार. कापूस तिथला, पण शर्ट बाहेरचा. जुने रेल्वेमार्ग बघितले तर खाणीपासून बंदरापर्यंत, शेजारच्या देशात जाणारा रस्ता मात्र कच्चा. शेजाऱ्याने शेजाऱ्याला माल विकावा, त्यासाठी आपल्याच खंडात कारखाने उभे राहावेत, असा त्या कराराचा हेतू. मी तो वाचला तेव्हा मला मनापासून आवडला. आणि मग त्याचे नियम वाचायला बसले, कारण घानामध्ये आमची एक गिऱ्हाईक होती.

तिचं नाव आबेना. तेमा बंदराजवळ तिचा साबणाचा छोटा कारखाना होता. आम्ही तिला मलेशियाचा तयार साबणाचा गर विकायचो. धंद्यात त्याला सोप नूडल्स म्हणतात, दिसायला जाड शेवयांसारखा. तो वितळवायचा, त्यात रंग आणि वास घालायचा, वड्या पाडायच्या. आबेनाने ईमेल केला: आता माझा साबण केनियात जकातीशिवाय जाईल ना? तिथला एक हॉटेलांना माल पुरवणारा व्यापारी तयार आहे.

मी नियमांच्या यादीतली साबणासमोरची ओळ तीनदा वाचली आणि तिला कळवलं की जाणार नाही. गर आमचा, म्हणजे साबण आशियाचा. नुसतं वितळवून वड्या पाडणं पुरत नाही.

दुपारी चारला, म्हणजे तिच्या सकाळी आठला, तिचा फोन आला.

"मॅडम, चाळीस बायका माझ्याकडे राबतात. आणि साबण मलेशियाचा?"

"हात तुमचे आहेत, आबेना. पण नियम हात बघत नाही, गर बघतो."

"मग मी काय करू?"

"आमचा गर घेणं बंद करा. तुमच्याकडे उत्तरेला शियाची झाडं आहेत. बिया फोडून बायका त्याचं लोणी काढतात. पाम तेल तुमच्याकडे आहे. साबण तिथून सुरू करा, मग तो तुमचा."

बोलून झाल्यावर लक्षात आलं की मागच्या टेबलापाशी मिस्टर लिम, आमचे मॅनेजर, चहाचा कप हातात धरून थांबले होते.

"सुलभा, तू सेल्समध्ये नाहीस ह्याबद्दल मी रोज देवाचे आभार मानतो, लाह," ते म्हणाले; 'लाह' म्हणजे इथल्या बोलीतलं 'बरं का'. "गिऱ्हाइकाला सांगतेस, आमचा माल घेऊ नका?"

"तिने विचारलं, मी सांगितलं."

"नेक्स्ट टाइम, बी बिझी. फोन उचलू नको."

पण लिम माणूस वाईट नव्हता. सात-आठ महिन्यांनी आबेनाने कळवलं की तिने तसं केलंय. उत्तरेतल्या गावांमधले बायकांचे गट आता लोणी काढून गावातच साबण घोटतात. आबेना तो तेमाला आणून, कापून, बांधून पाठवते. केनियाचा पहिला कंटेनर तयार आहे, सर्टिफिकेटही मिळालंय. फक्त एक अडचण आहे. पश्चिम आफ्रिकेहून पूर्व आफ्रिकेला तिला सोयीचं थेट जहाज मिळत नव्हतं. जे मिळालं ते खंडाच्या दक्षिण टोकाला वळसा घालून, हिंदी महासागर ओलांडून सिंगापूरला येणार, इथे कंटेनर दुसऱ्या जहाजावर चढणार आणि तोच महासागर उलट ओलांडून केनियाच्या मोम्बासा बंदरात जाणार. पुण्याहून साताऱ्याला नागपूरमार्गे जावं तसं. हसू नका, समुद्रावर असं चालतं. करारातही त्याची सोय आहे: माल वाटेत दुसऱ्या देशात उतरला तरी चालेल, मात्र तो बंदराच्या हद्दीतच राहिला पाहिजे आणि त्याच्यात काही फेरफार होता कामा नये.

"आँटी," मॅडमची आता आँटी झाली होती, "तुमच्या गावातून माझा साबण जाणार आहे. जरा लक्ष ठेवाल?"

लिमनी परवानगी दिली. मी म्हटलं, ठेवते.

कंटेनर आला तो छताला भोक पडूनच. पाणी आत गेलं होतं. जहाज कंपनीच्या एजंटने कळवलं की कंटेनर बदलावा लागेल. बंदराच्या हद्दीतल्या आमच्या गोदामात माल उतरवला. साबण आतल्या प्लास्टिकमुळे शाबूत होता, पण पुठ्ठ्याची खोकी ओली होऊन मऊ पडली होती. गोदामाचे सुपरवायझर रोसली हे मलाय गृहस्थ, माझ्याच वयाचे. मी पासिर पांजांगच्या त्या गोदामात गेले तेव्हा त्यांनी खोकी मांडून ठेवली होती. एकूण तीनशे वीस.

त्या खोक्यांवरचे नंबर बघून माझ्या डोक्यात कळ गेली. हाताने, काळ्या शाईने लिहिलेले. कुठे T7, मग एकदम T9, मग S2, मग नुसतं K, त्याच्याखाली फुलाची खूण. ना क्रम, ना अक्षर सारखं.

मी म्हटलं, "रोसली, सगळीच खोकी बदलून टाका. आणि नंबर एक ते तीनशे वीस, छापील."

"जुने नंबर नकोत, मॅडम?"

"हे नंबर आहेत का? नीट करा."

"शुअर आह?"

"शुअर."

रोसलींनी खांदे उडवले आणि ते कामाला लागले. त्यांच्या छापील लेबलवर खाली आपोआप एक ओळ यायची: आमच्या कंपनीचं नाव आणि 'पॅक्ड इन सिंगापूर'. तेही मी बघितलं. अक्षर सुबक होतं. कोरडा, पांढरा, क्रमाने लागलेला कंटेनर मोम्बासाला रवाना झाला. संध्याकाळी आजोबांना सांगितलं की आज एका पोरीचं काम मार्गी लावलं.

पंधरा-वीस दिवसांनी, चार वाजता, फोन.

"आँटी, माझा साबण सिंगापूरचा कधीपासून झाला?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. आबेनाच्या सर्टिफिकेटवर खोक्यांच्या खुणा नोंदल्या होत्या, T7, T9, S2, फुलासकट; मी तो कागद मागवून बघितलाच नव्हता. अक्षर किंवा फूल ही गावाची खूण, आणि आकडा त्या गावातल्या गटाचा. T9 च्या आधी T8 नव्हतं, कारण त्या गटाने त्या खेपेला साबण दिला नव्हता. मोम्बासाच्या कस्टम्स अधिकाऱ्याने कंटेनर उघडला, तर एकही खूण जुळेना, आणि प्रत्येक खोक्यावर सिंगापूर. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. आशियाचा साबण आफ्रिकेच्या नावावर घुसवतायत, असा संशय घेऊन माल अडवला असता.

"व्यापारी दोन आठवडे थांबणार आहे," आबेना म्हणाली. "मग तो जिथून घेत होता तिथूनच घेईल. आणि माझ्यावर खोटं सर्टिफिकेट दाखवल्याचा शिक्का बसला, तर पुढे कुठलीच चिठ्ठी मिळायची नाही. गावातल्या बायकांना मीच सांगितलं होतं, लोणी काढा, साबण घोटा. आता काय सांगू?"

"माझी चूक आहे," मी म्हटलं. "मी दुरुस्त करते."

"करता येईल?"

"बघते" असं मी म्हणाले नाही. "करते" म्हणाले. फोन ठेवला आणि सरळ लिमकडे गेले.

लिमनी दार लावून घेतलं. "लिसन. भोक जहाज कंपनीच्या कंटेनरला होतं. आपण म्हणू, बदली करताना गोंधळ झाला. त्यांच्या एजंटने काय केलं, आपल्याला माहीत नाही. ओके?"

"माहीत आहे. मी सांगितलं म्हणून झालं."

"सुलभा, हे लिहून दिलंस तर कंपनी तुला पत्र देईल. निवृत्तीला वर्षभर राहिलंय, लाह. व्हाय लाइक दॅट?"

"मी ते वाचून सही करीन."

दुसऱ्या दिवशी मी इथल्या कस्टम्सच्या काउंटरवर गेले. वाटेत मालाला कुणी हात लावला नाही, असा एक दाखला तिथे मिळतो. समोर एक तरुण अधिकारी मुलगी होती. तिने कागद उलटेपालटे केले.

"आँटी, खोकी बदलली?"

"हो."

"मग हात लावला नाही असं मी कसं लिहू?"

"नका लिहू. काय झालं तेच लिहा. माल हद्दीबाहेर गेला नाही, ओली खोकी बदलली, आतला साबण तोच आहे."

"तोच कशावरून?"

बरोबर विचारलं तिने. तीस वर्षं मी लोकांना हेच विचारत आले होते.

"कुठलं जुनं खोकं कुठल्या नव्या नंबरला गेलं, ते दाखवा," ती म्हणाली. "मग बघू."

जुनी खोकी तर केव्हाच रद्दीत गेली होती. मी पासिर पांजांगला गेले. रोसली डबा खात होते, नारळाच्या दुधातला भात, नासी लेमाक. माझं तोंड बघून त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"मॅडम, मी विचारलं होतं, शुअर आह?"

"विचारलं होतं. मला हसायचं ते नंतर हसा. काही शिल्लक आहे का?"

ते उठले आणि त्यांनी संगणक लावला. गोदामातली त्यांची एक जुनी सवय आहे: फुटका किंवा ओला माल आला की उतरवण्याआधी प्रत्येक खोक्याचा फोटो काढायचा, आणि परत भरताना पुन्हा काढायचा. उद्या विम्याचं भांडण झालं तर हाताशी असावं म्हणून. मला ते ठाऊकसुद्धा नव्हतं. ते कागद माझ्या ट्रेमध्ये कधी येत नसत.

फोटो सहाशेवर होते. खोकी रांगेने उघडली, त्याच रांगेने भरली, त्यामुळे जुन्याशी नवं जोडता येत होतं. पण पुष्कळ फोटो तिरके होते, काहींत शाई पसरलेली, काहींत कामगाराचा अंगठा. चार दिवस मी आणि रोसली शेजारी बसलो. मी भिंगाने बघायचे, ते आठवायचे. "हे ना? ह्याचा तळ सुटला होता. माझ्या पायावर पडलं." असं करत एकेक ओळ भरली. एक नंबर म्हणजे T7. दोन म्हणजे फूल. त्या चार दिवसांत मला त्या खुणा ओळखू यायला लागल्या. S चं अक्षर काढणारी बाई शेवटी एक छोटा झटका द्यायची. K वाली घाईत असायची.

तीनशे नऊ ओळी भरल्या. अकरा राहिल्या. शाई पार धुऊन गेली होती. रोसलींनाही आठवेना.

लिमनी तक्ता बघितला. "अकराच ना? ज्या खुणा उरल्या, त्या टाक. हिशेब जुळतोच."

खरंच जुळत होता. आबेनाच्या सर्टिफिकेटवरून मोजलं तर उरलेल्या खुणाही अकराच होत्या, सगळ्या S च्या, आकडे मात्र वेगवेगळे. पण कुठला आकडा कुठल्या खोक्याचा, हे मला माहीत नव्हतं. माहीत नसलेलं लिहून टाकणं हा पहिल्या चुकीचाच धाकटा भाऊ होता. तेव्हाही सगळं नीट दिसावं म्हणूनच मी केलं होतं.

"रिकाम्या ठेवते," मी म्हटलं.

"एवढ्या सुंदर तक्त्यात भोकं ठेवणार? तू?"

"मीच."

तक्त्याबरोबर मी एक पानाचं पत्र लिहिलं. इंग्रजी माझं चांगलं आहे. वाटलं असतं तर गोल गोल लिहिता आलं असतं. सरळ लिहिलं: खोकी बदलण्याचा आणि खुणा पुसण्याचा आदेश मी दिला. तो मालकिणीला न विचारता दिला. तसं करण्याची गरज नव्हती. अकरा खोकी मला ओळखता आली नाहीत. खाली पूर्ण नाव आणि सही. काउंटरवरच्या मुलीने सगळे फोटो स्वतः तपासले, काही ओळींवर मला उलटसुलट प्रश्न विचारले आणि मग माल हद्दीतच राहिल्याचा दाखला दिला. देताना म्हणाली, "आँटी, एवढी गबाळी कबुली मी पहिल्यांदा बघते, हं." मी थँक यू म्हटलं.

कागद मोम्बासाला गेले. तीन दिवस काही कळलं नाही. चौथ्या दिवशी चारला आबेना.

"आँटी, तो अधिकारी तुमचं पत्र वाचून मला म्हणाला, ही बाई स्वतःच्या विरुद्ध का लिहिते? मी म्हटलं, ती तशीच आहे, तिने मला स्वतःचा माल घेऊ नका म्हणूनही सांगितलं होतं." ती हसत होती की रडत होती, मला फोनवर समजलं नाही. "तीनशे नऊ खोकी आफ्रिकेची म्हणून सोडली. अकरा परदेशी. त्यांची जकात मी भरली. व्यापारी माल घेऊन गेला."

मी विचारलं, "त्या अकरा S च्या खुणा कुठल्या गावाच्या?"

"सगळ्या उत्तरेतल्या एकाच गावाच्या. त्यांची खोकी सगळ्यात वर होती, भोकाखाली." मग ती म्हणाली, "आँटी, तुम्हीच त्यांना सांगा. मी सांगितलं तर त्यांना वाटेल मी कमी किंमत देण्यासाठी बहाणा करतेय."

म्हणून पुढच्या आठवड्यात आबेना उत्तरेला त्या गावी गेली तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंग रूममधून व्हिडिओ कॉलवर बसले. पलीकडे एका झाडाखाली दहा-बारा बायका. मी इंग्रजीत बोलायचे, त्या गटातली एक शिक्षिका त्यांच्या भाषेत सांगायची. मी म्हटलं, तुमच्या खुणा मी पुसल्या. मला त्या अव्यवस्थित वाटल्या. त्यामुळे तुमचा साबण केनियाच्या दारात परदेशी ठरला. मला क्षमा करा.

बराच वेळ त्या आपसात बोलत होत्या. मग मधोमध बसलेली, सगळ्यांत थोराड बाई काहीतरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. अक्षराला झटका देणारी ती हीच असावी असं मला उगाच वाटलं.

"त्या विचारतात," शिक्षिका म्हणाली, "आमचा साबण परदेशी झालाच आहे, तर परदेशात का विकू नये? तू राहतेस तिथे बायका अंघोळ करतात ना?"

"करतात," मी म्हटलं. "पण इथे विकायला वेगळे नियम आहेत. साबणात काय काय आहे त्याची यादी लागते, नोंदणी लागते. बरेच कागद लागतात."

शिक्षिकेने सांगितलं. बाईने हात झटकला, आपण पोळपाटावरचं पीठ झटकतो तसा, आणि दोन शब्द बोलली.

"त्या म्हणतात, मग काढ. तुला सवय आहे."

कंपनीचं ताकीद देणारं पत्र मला त्याच दिवशी मिळालं होतं. मी ते वाचलं, सही केली आणि 'निघालेले' ट्रेमध्ये ठेवलं. मग नवीन फाइल घेतली, तिच्यावर S लिहिलं, हाताने, आणि नोंदणीचा पहिला फॉर्म भरायला बसले.